प्रतिसाद: स्वयंपाकघरातला काटा सापाला चालेल का?

पाळलेल्या सापाचं वजन करायला घरातला वजनकाटा चालेल का, असं तुम्ही विचारलंत. बॉल पायथनला (पाळला जाणारा एक लहान जातीचा अजगर) खुशाल चालेल. मोठी मादी दीड-दोन किलोची, तिथे एखाद्या ग्रॅमने काय बिघडतंय! पण तुम्ही कॉर्न स्नेकचं (हाही पाळला जाणारा, बिनविषारी साप) पिल्लूही आणताय म्हणालात. ते अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम ५-१० ग्रॅमचं असतं, त्याला ०.१ ग्रॅम दाखवणाराच काटा हवा.

घेताना एक बघाच, आपोआप बंद होणं थांबवता येतं का. आमचा पहिला काटा इथे न्यू जर्सीत स्वस्तात मिळाला म्हणून उचलला. रिकामा डबा ठेवून शून्य करायचं, आणि आमच्या सापीण बाईसाहेब हाताचा विळखा सोडून डब्यात शिरेपर्यंत काटा झोपलेला! डबा झाकणाचाच घ्या. वजन खाऊ घालण्याआधी करा, नाहीतर उंदराचंही मोजाल. आणि हो, कणकेचा काटा वेगळा ठेवा.