मनोगतिकीय आणि जैविक दृष्टिकोन: तुलना जमत नाहीये

पानगळ:
‘मनोगतिकीय व जैविक दृष्टिकोनांची तुलना करा’ याचं उत्तर लिहिते आहे. डावीकडे मनोगतिकीय, म्हणजे फ्रॉइडचा: अबोध मन, इदम्-अहम्-पराहम् (मनाचे इच्छा, वास्तव आणि नीती सांभाळणारे तीन भाग), बालपण. उजवीकडे जैविक: जनुकं, मेंदू, चेतापारेषकं (चेतापेशींमध्ये संदेश नेणारी रसायनं). वाचून पाहिलं तर दोन स्वतंत्र टिपणं शेजारी चिकटवल्यासारखी दिसतात. आणि ‘पहिला अशास्त्रीय, दुसरा शास्त्रीय’ यापलीकडे हाती काही लागत नाही. तुलना बांधायची कशी?

तिरकस रेघ:
रकाने आहेत, ओळी नाहीत, म्हणून असं होतंय. एकच विकार घ्या आणि दोघांनाही तेच प्रश्न विचारा: कारण कुठे आहे, ते कशावरून, उपचार काय.

नैराश्य घेऊ. फ्रॉइडने १९१७च्या निबंधात ते शोकाशेजारी ठेवून पाहिलं: गमावलेल्या व्यक्तीवरचा राग स्वतःकडे वळतो, म्हणून माणूस स्वतःलाच दोष देत राहतो. जैविक बाजूची सुरुवात मात्र औषधापासून झाली. १९५०च्या दशकात क्षयरोगावरच्या आयप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती उंचावलेली दिसली. हे औषध मोनोअमाइनांचं (सिरोटोनिन, डोपामिनसारख्या चेतापारेषकांचं) विघटन करणारं विकर (एन्झाइम) रोखतं. त्यावरून मोनोअमाइन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं, असा तर्क पुढे आला. म्हणजे एक लक्षणाच्या अर्थावरून उलटा कारणाकडे गेला, दुसरा उपचारावरून. दोघांचीही घसरण्याची जागा तिथेच आहे. एसएसआरआय प्रकारची नैराश्यावरची गोळी सिरोटोनिनचं पुनर्शोषण (चेतापेशीने ते परत शोषून घेणं) काही तासांत रोखते, पण फरक जाणवायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. नुसती कमतरताच कारण असती तर हा उशीर का? ‘सिरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य’ हे वाक्य उत्तरात नकोच.

उंबरठा:
वरच्याशी सहमत. साम्याची ओळ मात्र राहून जाते, ती घाला. दोन्ही दृष्टिकोन नियतिवादी आहेत, म्हणजे प्रत्येक वागण्यामागे ठरलेलं कारण मानतात. बोलताना जीभ घसरली तर फ्रॉइड तो योगायोग मानत नाही, आणि चेतापेशींचा अभ्यासकही नाही. फरक असा की फ्रॉइडच्या कारणाला अर्थ असतो; डोपामिनच्या रेणूला तो नसतो. माझ्या मते सगळ्या तुलनेचा खिळा इथेच आहे.

(फ्रॉइड मुळात मज्जासंस्थेचा डॉक्टर. १८९१ मध्ये त्याने वाचाघातावर पुस्तक लिहिलं. १८९५ मध्ये मन चेतापेशींच्या भाषेत मांडायचा आराखडा केला आणि अर्धवट सोडला. तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १९५०मध्ये. त्यामुळे ‘दोन शत्रू छावण्या’ असं चित्र रंगवू नका.)

खडूचा चुरा:
शास्त्रीयतेच्या ओळीत थोडं थांबा. मनोगतिकीय बाजूची खरी अडचण पुरावा तपासण्याची आहे. रुग्णाने अर्थ मान्य केला तर सिद्ध, नाकारला तर ‘प्रतिकार’. मग चूक ठरायची कशी? छोट्या हान्सचं प्रकरण (१९०९) घ्या: घोड्यांना घाबरणारा पाच वर्षांचा मुलगा, निरीक्षणं लिहिणारे त्याचे वडील, आणि तेच फ्रॉइडचे अनुयायी. उपचारादरम्यान फ्रॉइड त्या मुलाला एकदाच भेटला.

पण जैविक बाजूला फुकटचे गुण देऊ नका. जुळ्यांच्या अभ्यासांच्या गॉटेसमन यांच्या संकलनात छिन्नमनस्कतेसाठी (स्किझोफ्रेनिया) एकबीज, म्हणजे एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांमधली सहसंगती (एकाला विकार असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण) सुमारे ४८ टक्के, द्विबीजांमध्ये १७. पहिला आकडा दुसऱ्याहून बराच मोठा, म्हणून जनुकांचा वाटा आहे. पण तो १०० नाही, म्हणून जनुकं पुरेशी नाहीत. एकाच आकडेवारीतून दोन्ही वाक्यं निघतात, विद्यार्थी पहिलं लिहून थांबतात. शिवाय ‘दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना सारखंच वातावरण मिळतं’ हे गृहीतक पक्कं नाही. एकबीज जुळ्यांना लोक जास्त सारखं वागवतात.

पानगळ:
आभार. विकाराऐवजी स्वप्नं घेतली तर चालेल?

खडूचा चुरा:
उलट जास्त चांगलं. फ्रॉइड म्हणतो, दडपलेली इच्छा वेश पालटून स्वप्नात येते. १९५३मध्ये रेम झोपेचा (डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात ती झोप) शोध प्रसिद्ध झाला. १९७७मध्ये हॉब्सन आणि मॅककार्ली या संशोधकांनी मांडलं की मेंदूच्या खोडातून यादृच्छिक संकेत सुटतात आणि प्रमस्तिष्क (मेंदूचा वरचा मोठा भाग) त्यांची जमेल तशी गोष्ट जुळवतं. इथे फ्रॉइड बाद झाल्यासारखा वाटतो. मग मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांमध्ये दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागातल्या खोल श्वेतद्रव्याला (चेतातंतूंच्या जुडग्यांना) इजा झाली की रेम झोप चालू राहूनही स्वप्नं थांबू शकतात. हा भाग प्रेरणेशी, हव्यासाशी जोडलेला आहे. त्यामुळे ‘स्वप्न म्हणजे निव्वळ खोडातला गोंगाट’ हे कमजोर पडलं. पण इच्छा वेश पालटते, तिच्यावर मनाचा पहारा असतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. हे शेवटचं वाक्य गाळलंत तर फ्रॉइड सुटला असा निकाल दिल्यासारखं होईल.

तिरकस रेघ:
स्वप्नं घेतलीत तर उपचाराची ओळ काढून टाका, उगाच ताणू नका. नैराश्यच ठेवलंत तर तिथे वेळ लिहा: अभिजात मनोविश्लेषण आठवड्यातून ४-५ बैठका, तेही वर्षानुवर्षं. गोळ्या बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने तरी चालू ठेवतात; एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड होऊ शकते. म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात.