लेक्सिंग्टनचं लाँगरायफल प्रदर्शन: हाताने घडवलेली बंदूक पारखायची कशी?

सिनसिनाटीकर: ऑगस्टमध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कंटेंपररी लाँगरायफल असोसिएशनच्या प्रदर्शनाला जायचं आहे. लाँगरायफल, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, चकमकीच्या ठिणगीने उडणारी लांब नळीची बंदूक, तिच्यात नेमकं काय बघावं?

कुंदा: आधी नळी बसवलेला लाकडातला खाचा बघा. लाकूड आणि लोखंड यांत फट दिसली तर काम घाईचं. मग मनगट, म्हणजे कुंदा (बंदुकीचा लाकडी दस्ता) बारीक होतो ती जागा. तिथे मेपल लाकडाचे रेशे आडवे निघून गेलेले असतील तर बंदूक तिथेच मोडते. नक्षी कितीही देखणी असो. चांगली अष्टकोनी नळी मागे जाड, मधे बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुलते. त्यामुळे 44 इंची नळीसुद्धा हातात तोल सांभाळते. हे खरं कसब!

रंजक: कान, म्हणजे ठिणगी आत पोचवणारं नळीच्या बाजूचं भोक, कुठे आहे तेही पाहा. रंजकाच्या (पेटवायच्या दारूच्या) वाटीच्या वरच्या काठाच्या पातळीत हवा. फार खाली असेल तर रंजकाने तो बुजतो आणि बार उशिरा होतो. विचारल्याशिवाय बंदूक उचलू नका. चकमक धरलेला घोडा रिकामा पाडू नका, चकमक तुटते. अंगठी काढून ठेवा. घामाने नळी गंजते, म्हणून पुसूनच परत द्या.

कुंदा: बंदुकीची दारू ठेवायचं शिंग घेणार असाल तर तळाच्या लाकडी बुडाचा सांधा तपासा. वापरलेलं शिंग विमानात नेऊ नका, आत दारूचे कण राहतात. आणि परवान्याशिवाय बंदूक भारतात आणणं गुन्हा आहे, ठासणीची असली तरी.

सिनसिनाटीकर: आभार. मनगटाचं लक्षात ठेवतो.