मदत हवी आहे: मधाच्या ड्रेसिंगवरचं संशोधन सिनाहलमध्ये (नर्सिंगच्या लेखांचा डेटाबेस) नेमकं कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय: मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमेवर मधाचं ड्रेसिंग. वॉर्डात वाळून चिकटलेलं गॉज काढताना नुकतं भरू लागलेलं लाल मांस पुन्हा सोलवटतं, पेशंट कळवळतो. म्हणून हा विषय मनापासून घेतलाय.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या लॉगिनवरून सिनाहल बघते, जोडीला पबमेड (वैद्यकीय लेखांचा मोफत डेटाबेस). नुसतं 'हनी' आणि 'वूंड' टाकलं की भाजल्याच्या जखमा, ऑपरेशनचे टाके, उंदरांवरचे प्रयोग, सगळं एकत्र येतं. पबमेडमध्ये 'डायबेटिक फूट' हे मेश हेडिंग (डेटाबेसने लेखाला दिलेलं ठरावीक विषयनाव) लावलं की यादी आवरते, पण ज्यांना अजून मेश लागलेलं नाही असे ताजे लेख निसटतात. मग हेडिंग आणि शीर्षक-सारांशातले शब्द 'ऑर'ने (दोन्हींपैकी काहीही असलेले लेख येतात) जोडायचे ना? आणि सिनाहलची हेडिंग्ज वेगळी, तर तिथे सर्च नव्याने बांधायचा का?

कोक्रेनचा (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१५चा आढावा वाचला. त्वचेच्या अर्धवट खोलीपर्यंतच्या भाजण्यात मधाने जखम लवकर भरते असं दिसतं, मधुमेही पायाबद्दल मात्र ठाम निष्कर्ष नाही. मला त्यानंतरच्या रँडमाइज्ड चाचण्या (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडून केलेल्या) हव्यात.

'फुल टेक्स्ट'वर (फक्त पूर्ण लेख उघडता येणारेच दाखवा) टिक केली की कामाचे लेखही गायब होतात. ती काढून ग्रंथपालांकडून लेख मागवणं बरं का? कुणी असा सर्च केला असेल तर शब्दांची जुळणी जशीच्या तशी इथे टाका, प्लीज. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लवकरच द्यायचाय.