नवीन सॉफ्टवेअर घ्या, पण आधी जुनी यादी साफ करा

वर एकांनी लिहिलंय की सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नुसता कचरा झालाय, आता दुसरं सॉफ्टवेअरच घेतो. घ्या, पण कचरा तिकडेही जाईलच.

आमचं ठिबकचं दुकान, गिऱ्हाईक वरुड-मोर्शीकडचं, संत्रावाले. सगळ्यात जास्त घोळ गावाच्या नावात. पिंपळगाव, पिंपळगांव, पिंपळगाव खुर्द. काउंटरवरचं पोरगं सुचेल तसं टाइप करतं. म्हणून गाव टाइप करूच देऊ नका. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला वेगळा कोड आहे. ती यादी उतरवून घ्या, आधी तालुका, मग गाव, निवडायचं फक्त.

मोबाइल नंबरवरून डुप्लिकेट काढा, हा वरचा सल्ला शहरात ठीक. इथे बापाचा आणि दोन पोरांचा सातबारा वेगवेगळा, फोन मात्र धाकट्याचाच. नंबर जुळला म्हणून तिन्ही नोंदी एक केल्या की कोणता संच कुठल्या वावरात बसवला ते शोधत बसा! नंबर कुटुंबाला जोडा, संच गट नंबरला.

बाकी रकाने कमीच बरे. ईमेल कोण भरतं इथे? ‘पुढचा फोन कधी’ एवढा सक्तीचा ठेवा, आणि तिथे सरसकट ‘तीन महिन्यांनी’ नको, बहार, म्हणजे बागेला फुलं धरायचा हंगाम, पाहून तारीख टाका. आंबिया बहारवाल्याला डिसेंबरात, बाग ताणावर म्हणजे पाणी तोडलेलं असताना, फिल्टर आणि लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुवायचं सुचवलं तर तो ऐकतो. जानेवारीत ताण तोडून पाणी सुरू केल्यावर त्याला आपल्याशी बोलायलाही सवड नसते.