फ्लॅट विकण्याआधी कोणती कामं करावीत, कोणती सोडावीत?

पश्चिमवारा: नमस्कार. कोथरूडमध्ये १९९८ सालच्या सोसायटीत चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. दिवाळीनंतर विकायला काढायचाय. खर्च दीड लाखाच्या वर न्यायचा नाही. अडचणी अशा: कॉमन बाथरूममधून खालच्यांच्या छताला ओल, मोठ्या बेडरूमच्या छताला पोपडे आणि एका जागी सळई उघडी, स्लायडिंग खिडकीतून पावसाचं पाणी आत, संडासाच्या दाराची चौकट खालून कुजलेली, कडप्प्याचा जुना ओटा, आणि रंग. एजंट म्हणतो, रंग मारा, ओटा ग्रॅनाइटचा करा, घर लगेच जाईल. काय करू?

ओळंबा: एजंटचं ऐकू नका. ओलीवर मारलेला रंग गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बघायला येईपर्यंत फुगतो, आणि मग ते प्रत्येक भिंतीकडे संशयानं बघतं. आधी पाणी थांबवा.

बाथरूम फोडायच्या आधी पाणी कुठून जातंय ते शोधा. प्लंबरकडून हातपंपानं नळाच्या लाईनला ५ किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब देऊन अर्धा तास बघा. पंपावरच्या दाबमापकाचा काटा उतरला तर भिंतीतला पाईप गेलाय. त्या काळातले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप आतून गंजतात, तेव्हा शक्यता बरीच आहे. काटा स्थिर राहिला तर नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जायचं तोंड) बुजवून फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ तास ठेवा. खाली रंगीत ओल उतरली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा ट्रॅपच्या कडेला. तिथे सगळं बाथरूम उखडायची घाई नको. सांधे २-३ मिमी खरवडून इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा सांधे भरायचा मसाला) भरा, ट्रॅपभोवती सहा इंच फोडून न आकसणाऱ्या ग्राउटनं पक्कं करा, आणि पुन्हा २४ तास पाणी ठेवा. तरीही उतरलं तरच फरशी काढून वॉटरप्रूफिंग. दोन्ही चाचण्यांत काही निघालं नाही तर डक्टमधला (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला) सांडपाण्याचा पाईप बघा.

गिलावा_७२: छताबद्दल. शेवटचा मजला असेल तर गच्चीतून येणारी गळती आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) सोसायटीनं दुरुस्त करायची असते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो जोडा. गच्चीचं काम व्हायच्या आत तुमच्या पैशानं छत करू नका, पुढच्या पावसात पुन्हा तेच होईल.

सळईला नुसतं सिमेंट थापलं तर ते निघतं, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट ढकलून देतो. पोकळ वाजणारा भाग हातोडीनं पाडायचा, सळईच्या मागची बाजूही मोकळी करायची, तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, गंजरोधक लेप, मग बाँडिंग कोट (जुन्या काँक्रीटला नवा मसाला धरून ठेवणारा लेप), आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला). सळई फार बारीक झाली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तसंही १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) अपेक्षित असतं. झालेलं असेल तर अहवालाची प्रत मागून घ्या.

पश्चिमवारा: धन्यवाद. मग रंग कधी काढू? आणि ओट्याचं काय?

ओळंबा: ओल थांबली की लगेच नाही. फूटभर चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, थांबा. कोरडी झाली की पोपडे खरवडा, एक हात प्रायमर, पुट्टीचे दोन हात, घासून पुन्हा प्रायमर, मग फिकट रंगाचे दोन हात. ओट्याला हात लावू नका. नवा मालक बहुतेक सगळं स्वयंपाकघर आपल्या आवडीनं तोडतोच, तुमचा ग्रॅनाइट त्याच्यासाठी राडारोडाच. सिंकचा गळका नळ बदला आणि ओटा-भिंतीचा सांधा सिलिकॉननं भरा, तेवढं पुरे.

चौकट: खिडकीचा खर्च किरकोळ आहे. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी जायची भोकं असतात, ती धुळीनं आणि जुन्या रंगानं बुजतात. पाणी ट्रॅकमध्ये साचून आत येतं. तारेनं मोकळी करा, चाकं बदला, बाहेरून फ्रेमभोवतीचं जुनं सिलिकॉन काढून नवीन भरा. संडासाच्या दाराची चौकट मात्र लाकडाची पुन्हा बसवू नका. ग्रॅनाइटची चौकट आणि पीव्हीसीचं दार, म्हणजे पाण्याची भीती नाही.

वायरिंग पूर्ण बदलू नका, पण ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. बसवल्या बसवल्या ट्रिप होत असेल तर जुन्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असू शकतात. आरसीसीबी काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही, वायरमनकडून ते न्यूट्रल वेगळे करून घ्या.

गिलावा_७२: बाल्कनी बंद केली असेल तर तेही आत्ताच मंजूर नकाशाशी ताडून बघा. गिऱ्हाइकाच्या बँकेचा मूल्यांकन करणारा ते विचारतोच, आणि कर्ज तिथं अडलं तर रंगाचा काही उपयोग नाही. बिलं जपून ठेवा. रंग आणि नेहमीची डागडुजी भांडवली नफ्यातून सहसा वजा होत नाही, घरात कायमची भर घालणारा खर्च आणि दलाली होते. कोणतं बिल कशात बसतं ते विक्रीआधी सीएला दाखवा. आणि बाथरूमची दुरुस्तीनंतरची चाचणी झाली की खालच्यांकडून गळती थांबल्याचं दोन ओळींचं पत्र घ्या. गिऱ्हाईक खाली जाऊन चौकशी करतं.