फोटोत माणूस नको, वस्तू हवी
मुलांनी घरून फोटो काढून आणायचा आणि वर्गानं त्यावर लिहायचं, अशा उपक्रमाबद्दल काही शिक्षक म्हणतात, ‘ज्यांच्या घरी चांगला फोन नाही ती मुलं यात मागे पडतात.’ हे म्हणणं खरं आहे, पण त्यासाठी उपक्रमच सोडायची गरज नाही. बेळगावात वडगाव भागातल्या मराठी शाळेत सातवीला शिकवत होतो तेव्हा माझा एक जुना फोन आळीपाळीनं मुलांच्या घरी जायचा. एका मुलाला एक रात्र, एकच फोटो. अट अशी की माणूस दिसायला नको, घरात रोज हाताळली जाणारी वस्तू हवी. मग बिननावाच्या प्रती दोरीवर टांगायच्या आणि बाकीच्यांनी त्या घराबद्दल अंदाजानं पाच ओळी लिहायच्या.

एकानं विणकामाच्या मागाच्या धोट्याचा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याचा, फोटो आणला. खानापूरकडून नवीन आलेल्या मुलीनं लिहिलं, ‘यांच्या घरी होडी आहे.’ वर्ग हसला. पण वर्षभर तोंड न उघडलेला तो पोरगा उठला आणि धोट्यातली सुताची कांडी कशी भरतात, माग बंद पडला की आजी झोपेतून कशी जागी होते, हे सांगत दहा मिनिटं बोलला. दुसऱ्या एकीच्या घरी कन्नड. तिनं परातीच्या फोटोखाली ‘जोळद रोट्टी’, म्हणजे ज्वारीची भाकरी, असं लिहिलं. मी ते खोडलं नाही. भाकरी हा शब्द तिला बाकावरच्या शेजारणीनंच सांगितला.

आणि रंगीत प्रिंटवर पैसे घालवू नका. धोटा होडीसारखा दिसला तो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समुळेच.