द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टर: नवा घेऊ की जुना? (बजेट सव्वातीन लाख)

दिंडोरीकर_३एकर
राम राम मंडळी. तीन एकर थॉमसन द्राक्ष, लागण नऊ बाय पाच फूट. घरी १५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे, २०११चा, वडिलांनी घेतलेला. गेल्या पावसात ६०० लिटरचा ब्लोअर (फवारणी यंत्र) भरला की काळ्या रानात जागेवरच चाक फिरायचं. ऐन डाऊनी रोगाच्या फवारणीत दोनदा शेजाऱ्याकडून ओढून काढला. आता धूरही मारतोय.
नव्या २४ एचपी फोर व्हील ड्राइव्हचं कोटेशन सगळं धरून सहा लाख दहा हजार. पिंपळगावला तसाच २०१७चा आहे, मीटरवर २१०० तास, मालक तीन दहा म्हणतो. सव्वातीनच्या वर रुपया नाही, सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आत ठरवायचंय.

निफाडचा_आबा
नवाच घे. मी २०१९ला घेतला, आजवर ऑइल-फिल्टर सोडून खर्च नाही. आता तर जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, सप्टेंबर २०२५ पासून.

दिंडोरीकर_३एकर
आबा, ते धरूनच सहा दहा.

चांदवड_कांदा
२४ एचपी म्हणजे खेळणं. ५० चा घे, लोकांची नांगरट कर, हप्ता आपोआप सुटतो. माझा असाच सुटला.

सटाणा_अर्ली
काय भो, नऊ फुटी ओळीत ५० चा घालून मांडवाचे लोखंडी अँगल उपटायचेत का त्याला? आणि नांगरटीचे पैसे गावात वेळेवर देतं कोण?

चांदवड_कांदा
कांदेवाले रोख देतात. बागायतदारांचं मात्र व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत थांबा.

सटाणा_अर्ली
कांद्याला भाव असला तर ना!

ओझर_बागायतदार
कांदा दुसऱ्या धाग्यावर न्या. दादा, मी जुना घेऊन फसलोय म्हणून सांगतो. मीटरवर १८०० तास होते, पण क्लच पेडलचं रबर झिजून लोखंड चकाकत होतं. १८०० तासांत तेवढं झिजत नाही. ते डोळ्यांनी बघितलं आणि तरी सौदा केला, कारण टायर नवे होते. मीटर बदललेला निघाला. पहिल्याच सीझनला इंजिन खोललं, वर हायड्रॉलिक पंप. सगळं मिळून ८५ हजार. तेव्हा टायरकडे बघू नको, पेडल बघ.

निफाडचा_आबा
म्हणूनच म्हणतो नवा घे.

येवला_मेस्त्री
२२ वर्षं ट्रॅक्टरच खोलतोय. जुना वाईट नसतो, बघायची पद्धत चुकते. सकाळी न सांगता जा. आधी बोनेटवर हात ठेव. गरम लागला तर मालकाने चालू करून ठेवलाय, थंड असताना चालू होत नसणार. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघड, तिथून भकाभका धूर आला तर रिंगा गेल्या. रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद कर, चहा पिऊन ये. खाली बसलेला दिसला तर लिफ्टमध्ये काम आहे. पुढच्या चाकाला धरून हलव, बुश कळतात. शेवटी तुझाच ब्लोअर पाण्याने पूर्ण भरून पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट) ५४० फेऱ्यांवर तासभर चालव. मालक नाही म्हणाला तर उठून ये.

ओझर_बागायतदार
आणि क्लच पेडलचं रबर बघ.

नाशिकरोड_काका
कागद कोणी बोलत नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा, असला तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. माझ्या पुतण्याने स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं आणि दोन वर्षं मूळ मालकाच्या मागे फिरला.

मळ्यातली_ताई
महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्ज केलाय का? ट्रॅक्टरला सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान, जास्तीत जास्त एक लाख. महिला, अल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, सव्वा लाखापर्यंत. मी माझ्या नावावर घेतला. फक्त नव्यालाच मिळतं आणि पूर्वसंमती यायच्या आधी बिल केलं तर काहीच मिळत नाही. फार्मर आयडी लागतो. पैसे खरेदीनंतर येतात, तोवर पूर्ण रक्कम आपलीच.

चांदवड_कांदा
अनुदान आलं की ५० चा परवडतो.

दिंडोरीकर_३एकर
ताई, अर्ज टाकलाय, संमती छाटणीआधी येईल असं वाटत नाही. पिंपळगावचा उद्या सकाळी बघतो.

दिंडोरीकर_३एकर (अकरा दिवसांनी)
बोनेट गरम होतं. पेडलचं रबर कोरं करकरीत, बाकी ट्रॅक्टरवर वितभर धूळ. परत आलो.
शेवटी वडिलांचाच खोलायला लावला. स्लीव्ह-पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, मजुरी धरून ४६ हजार. ६०० चा ब्लोअर विकला आणि मागे उचलून घ्यायचा २०० लिटरचा घेतला. वजन कमी, परवाच्या पावसानंतर ओळीतून सरळ गेला. नव्याचं संमती आल्यावर बघू.

निफाडचा_आबा
तीन एकराला २०० लिटर? दिवसभर टाकीच भरत बसशील.

दिंडोरीकर_३एकर
टाकी बांधावरच आहे आबा. भरायला वडील बसतात, ट्रॅक्टर त्यांचाच ना.

चांदवड_कांदा
मग विचारलं कशाला आम्हाला?